दोन पोती कोळसा

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती, कारण तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मुलाला सांगायची हिंमत झाली नाही. राहिले शेजारीपाजारी आणि सकाळी फिरायला बरोबर येणारे चार निवृत्त मित्र — ते सगळे मला सरळ माणूस समजतात. तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात भेटलो तरी ओळखणार नाही, म्हणूनच तुमच्याजवळ तोंड उघडतोय.

गोष्ट विजेच्या गाडीची आहे. खरं म्हणजे गाडी यायच्या तीन वर्षं आधीची. आणि अगदीच खरं सांगायचं तर एका खड्ड्याची. हसू आलं ना? मलाही एके काळी आलं असतं. पण त्या खड्ड्यात एका चांगल्या वायरमनचं नाव गेलं, आणि ते मी घालवलं. कसं, ते सांगायला मला जरा वेळ लागेल. मी एकदम मुद्द्यावर येणारा माणूस नाही — शाळेतही मुलं म्हणायची, सर प्रस्तावनेतच तास संपवतात.

हो, मी शिक्षक होतो. रावेर तालुक्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी घरातल्या विजेच्या जोडणीचा धडा यायचा आणि दरवर्षी मी फळ्यावर अर्थिंगची आकृती काढायचो. खोल खड्डा, तळाशी तांब्याची पत्र्यासारखी प्लेट, भोवती कोळशाचा थर, त्यावर मिठाचा, पुन्हा कोळशाचा. कोळशाला ठिपके आणि मिठाला फुल्या. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ विजेला जमिनीत जायला वाट करून देतं, म्हणून उपकरणात बिघाड झाला तरी माणसाला झटका बसत नाही — हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल? झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हटलं असतं. हे मुद्दाम सांगतोय. मला माहीत नव्हतं असं तुम्हाला एक क्षणही वाटू नये.

निवृत्त झाल्यावर जळगावच्या बाहेरच्या बाजूला, नव्या कॉलनीत, घर बांधायला घेतलं. मुलगा निखिल पुण्याला असतो. त्याचा फोन आला, "बाबा, दोन-तीन वर्षांत मी इलेक्ट्रिक कार घेणार. भिंती नंतर फोडायला लागू नयेत. आत्ताच मीटरपासून पार्किंगपर्यंत जाड केबल टाकून घ्या, तिला वेगळा स्विच ठेवा, आणि चार्जरसाठी स्वतंत्र अर्थिंग करा." गाडीचा अजून पत्ता नाही आणि तिच्या दाणापाण्याची सोय आधी, अशी मी थट्टा केली. पण मनातून बरं वाटलं. पोरगा घरी येणार, गाडी घेऊन येणार, मुक्कामाला राहणार, असा त्याचा अर्थ होता.

वायरिंगचं काम गुलाबकडे होतं. चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. घरची शेती पावसावरची, म्हणून आयटीआय करून इकडे आलेला. पस्तिशीचा असेल. कमी बोलायचा, आणि कामात इतका काटेकोर की प्लास्टरवाल्यांशी त्याचं रोज वाजायचं. निखिलचं म्हणणं मी सांगितलं तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, "सर, बाकी घरी कोणी विचारत नाही खड्ड्यात काय टाकलं. झाकण दिसलं की झालं. तुम्हाला कळतं, म्हणून काम करायला बरं वाटतं."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. आवडणारच ना?

दुपारच्या सुट्टीत आम्ही सिमेंटच्या पोत्यांवर बसायचो. त्याला ठेकेदारीचा परवाना काढायचा होता, त्याची परीक्षा द्यायची होती, आणि पुस्तकातल्या काही गोष्टी अडत होत्या. मी समजावून सांगायचो. तो वहीत उतरवून घ्यायचा. पुढे तो पास झाला तेव्हा पेढे घेऊन पहिला माझ्याकडे आला आणि खाली वाकला. मी त्याला उचलून धरलं वगैरे. तोपर्यंत जे करायचं ते मी करून बसलो होतो, पण त्या दिवशी पेढा खाताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. याचं मला आता जास्त आश्चर्य वाटतं.

तर खड्डा. पार्किंगच्या कोपऱ्यात, आठ फूट खोल. वरची काळी माती, खाली मुरूम. गुलाबनं प्लेट स्वतः खाली उतरून उभी केली, तिला जोडलेली तांब्याची पट्टी वर काढली, पाणी घालायचा पाइप बसवला. कोळशाची दोन पोती आणून भिंतीला टेकवून ठेवली, शेजारी मीठ. आणि त्याच दिवशी तो गावी निघाला. होळी जवळ आली होती, त्यांच्या आदिवासी पाड्यांकडे होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो, ढोल-नाचाची जत्राच ती, त्याला तो कधी चुकवायचा नाही. जाताना म्हणाला, "खड्डा मी आल्यावर भरू, सर. तोपर्यंत फळ्या टाकून ठेवा. कोळशावर पाणी पडू देऊ नका." मी म्हटलं, निर्धास्त जा.

दोन दिवसांनी वास्तुशांत होती. पाहुणे आदल्या दिवसापासूनच जमायला लागले. माझा मेहुणा नाना दोंडाईच्याहून आला तो जीप भरून माणसं घेऊन, आणि जीपच्या टपावर हिरव्या वांग्यांच्या दोन गोण्या. नव्या घरात पहिलं जेवण भरताचंच झालं पाहिजे, असा त्याचा हुकूम. आमच्याकडे भरीत म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्याला सांगून कळायचं नाही. ते गॅसवर भाजलेलं चालत नाही. मोकळ्या जागेत कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी टाकायची, काळी ठिक्कर झाली की सोलायची आणि बडगीत, म्हणजे लांबट लाकडी पात्रात, ठेचायची. पण कॉलनीत काड्या आणायच्या कुठून? आजूबाजूच्या शेतांचे केव्हाच प्लॉट पडलेले. मी या गल्लीतून त्या गल्लीत उगाच फिरून आलो. परत आलो तर नाना पोत्याचं तोंड सोडून उभा.

"दाजी, दोन पोता कोळसा पडेल शे आठे, नि तुम्ही काड्या शोधी राहिनात!"

मी सांगितलं, तो अर्थिंगचा आहे.

"बठ्ठा काय त्या खड्डाले लागस?"

आता इथे थांबतो जरा. कारण इथे मी काय म्हणालो, ते मी अनेक वर्षं स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. नानानं माझा हात पिरगाळला नव्हता. चाळीस माणसं भुकेली बसली होती हे खरं, पण चाळीस माणसांना पोहे करून घालता आले असते. मी हसलो. आणि शिक्षकी आवाजात म्हणालो, "नाही रे, एवढा लागत नाही. हे वायरमन लोक उगाच जास्त आणतात. घ्या, घ्या."

उगाच जास्त आणतात! ज्याला मी आदल्याच दिवशी निर्धास्त जा म्हटलं होतं, त्याच्याबद्दल मी चारचौघांत हे म्हणालो. का? पाहुण्यांपुढे मोठेपणा मिरवायचा होता, दुसरं काय! मला या विषयातलं कळतं, हे दाखवायचं होतं.

भरीत झकास झालं. कळण्याच्या पुऱ्या माझ्या बायकोनं — शालिनीनं — स्वतः तळल्या. त्या तळता तळता तिनं एकदा विचारलं, "तो कोळसा गुलाबचा ना?" मी म्हटलं, एक पोतं आहे अजून. दुसऱ्या दिवशी वास्तूच्या जेवणाला वरण-बट्टी. आचाऱ्यानं बट्ट्या भाजायला गोवऱ्या मागितल्या, त्या कमी पडल्या, आणि मी त्याला बोटानं दुसरं पोतं दाखवलं. हे तर कुणी सुचवलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. पोती रिकामी. नातेवाइकांची लहान मुलं त्या फळ्यांवर उड्या मारत होती, तेव्हा शालिनी म्हणाली, आधी तो खड्डा भरून घ्या. बरोबर होतं तिचं. कोळशाची वखार फार लांब नव्हती, रिक्षा करून अर्ध्या तासात एक पोतं आणता आलं असतं. ते का आणलं नाही, याचं उत्तर मी खूप शोधलं. आळस म्हणावा तर मी आळशी नाही. मला वाटतं, वखारीतून कोळसा आणायचा म्हणजे पहिला संपला हे कबूल करायचं. विज्ञानाच्या मास्तरानं अर्थिंगचा कोळसा भरताला जाळला — गुलाब हसला असता, आणि मला ते हसणं नको होतं. एवढंच. यापेक्षा मोठं काही कारण असतं तर मला आज बोलायला सोपं गेलं असतं.

मी मजूर बोलावला. बांधकामातले विटांचे तुकडे पडलेले होते, मुरूम होता. ते सगळं खड्ड्यात टाकायला लावलं. मीठ टाकलं. मग भरताच्या चुलाणातले विझलेले अर्धवट निखारे, राख, पोत्याच्या तळाशी उरलेला चुरा, असं टोपलंभर काळं जमलं. ते मी मजुराला सांगून वरच्या थरात पसरवलं. वरच्याच. म्हणजे झाकण उघडून वाकून पाहिलं तर खड्डा काळा दिसेल. तिथपर्यंतचं एखाद वेळेस चूक म्हणता आलं असतं, पण हे डोकं लावून केलेलं काम होतं.

गुलाब दोन दिवसांनी आला. खड्डा भरलेला पाहून थबकला. मी म्हटलं, पोरं खेळत होती रे, भरून टाकला — थरावर थर, पुस्तकात आहे तसा. त्यानं झाकण उचलून वाकून पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही उभे होते ना, मग झालं." त्यानं अर्थिंगच्या तारेवर बल्ब लावून पाहिला, बल्ब झगझगीत पेटला. पेटणारच, खड्डा नुकताच भरलेला, ओला. पुढे महिनाभर मी रोज त्या पाइपात बादली ओतली. शेजारी कौतुक करायचे, सर किती काळजी घेतात. मग उन्हाळा तापला, नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायला लागलं, आणि ती बादलीही बंद झाली. खोटं उघडं पडायचं काही कारणच नव्हतं. घराचं अर्थिंग वेगळं होतं, ते गुलाबनं स्वतः भरलेलं. हा खड्डा फक्त गाडीसाठी, आणि गाडी कुठे होती?

गाडी तीन वर्षांनी आली. मे महिन्यात. निखिल, सूनबाई आणि माझी पाच वर्षांची नात. नवी कोरी पांढरी गाडी, आवाज न करता फाटकातून आत आली तेव्हा गल्लीतली माणसं बघायला बाहेर आली होती. चार्जर बसवायला अर्थातच गुलाबला बोलावलं. तोवर तो ठेकेदार झाला होता, चौकात त्याच्या नावाची पाटी लागली होती, कॉलनीतली नऊ घरं त्यानं केली होती. चार्जर भिंतीवर चढवला, केबल जोडली, बटण दाबलं आणि लाल दिवा लागला. चार्जर अर्थिंग नीट नसेल तर वीज सोडतच नाही, तशी त्यात सोय असते. पुन्हा केलं. पुन्हा लाल.

मला तेव्हाच कळलं होतं. दिवा लागला त्याच क्षणी. आणि मी काय केलं? मी आत जाऊन सगळ्यांसाठी ताक करायला सांगितलं.

गुलाबनं दोन तास उन्हात एकेक जोड तपासला. मीटरची पेटी उघडली, केबल दोन्ही टोकांना तपासली, स्विच बदलून पाहिला. त्याला स्वतःच्या कामावर शंका येत होती, खड्ड्यावर येत नव्हती. का येईल? तो माझ्यासमोर भरला होता. शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा म्हणाला, खड्डा उघडून बघू. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. निखिलनं कुदळ घेतली, गुलाबनं फावडं. वर काळं निघालं. गुलाब म्हणाला, बघा, कोळसा आहे. दीड वीत खाली गेले आणि विटा लागल्या. आणखी खाली, आणखी विटा. कोरडा मुरूम. शेजारचे दोघे-तिघे येऊन उभे राहिले होते.

गुलाब खड्ड्यात कमरेपर्यंत उभा होता. त्याच्या हातात विटेचा तुकडा होता. तो निखिलकडे वळून म्हणाला, "भाऊ, मी दोन पोती आणली होती. इथं, या भिंतीला लावून ठेवली होती. खड्डा भरला तेव्हा मी गावी होतो. सरांना विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निखिलनं पाहिलं, शेजाऱ्यांनी पाहिलं. दारात शालिनी ताकाचे पेले घेऊन उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं हो. हो, दोन पोती होती, ती आम्ही खाल्ली. लोक हसले असते, निखिल दोन दिवस चिडला असता, नानाची पुढच्या लग्नापर्यंत टिंगल झाली असती. याहून जास्त काय झालं असतं?

मी म्हणालो, "एक होतं की दोन, कुणी कधी भरला... आता मला काही आठवत नाही रे, गुलाब."

बघा कसं आहे ते वाक्य. त्यात सरळ खोटा आरोप नाही. म्हातारा माणूस, विसरला असेल. मी त्याच्यावर काही ढकललं नाही, फक्त उभा होतो तिथून अर्धं पाऊल मागे सरकलो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तो पडला. मी एकतीस वर्षं मराठी माध्यमात शिकवलंय, वाक्य कसं करावं ते मला येतं.

निखिल त्याला खूप बोलला. कोळसा खाल्लास, बाबांनी तुला शिकवलं, त्यांच्याच घरात असं केलंस, माझी मुलगी या गाडीला हात लावणार होती. हे शेवटचं ऐकताना मला घाम फुटला, कारण ते खरंच होतं. चार्जरनं स्वतःहून नकार दिला नसता तर? पण घाम पुसून मी गप्पच राहिलो. शेजाऱ्यांतला एकजण मागून म्हणाला, "डोंगरातली माणसं ती, यांचं असंच." मुलांना समतेची प्रतिज्ञा म्हणायला लावणारा मी, तेही ऐकून घेतलं. आणि आणखी एक सांगतो. ते ऐकून मला किंचित सुटल्यासारखं वाटलं. लोकांना माझी साक्ष लागणारच नव्हती, त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

गुलाब वर आला, मोटारसायकल काढून गेला. मला वाटलं, आता येत नाही. दीड तासानं परत आला — मागे कोळशाची दोन पोती आणि मीठ. एकट्यानं तो खड्डा तळापर्यंत रिकामा केला. कोणाला हात लावू दिला नाही. वरच्या थराचा ढीग त्यानं बाजूला काढला होता, तो फावड्यानं सारताना खाली बसला. त्या काळ्या राखेतून त्यानं काहीतरी उचललं, अंगठ्यानं पुसलं. मी जवळच खुर्चीवर होतो. ते वांग्याचं देठ होतं. जळून कोळसा झालेलं, पण आकार तसाच — वरची टोपी, काटे, सगळं. मग त्याला दुसरंही सापडलं. आणि तिसरं.

तो खानदेशातच वाढलेला माणूस. वास्तूच्या आदल्या दिवशी आमच्याकडे काय असतं, हे त्याला सांगायला नको. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग ती तिन्ही देठं त्यानं कंपाउंडच्या भिंतीवर, माझ्या हाताजवळ, ओळीनं ठेवली आणि खड्ड्यात उतरला.

तो ओरडला का नाही? निखिलला बोलावून दाखवलं का नाही? मी यावर पुष्कळ विचार केलाय. मला मान दिला, असं समजायला मला आवडलं असतं. पण तो मान नव्हता, ते त्याचे डोळे पाहिलेल्याला कळलं असतं. कदाचित त्याला ठाऊक होतं की जळक्या देठांवर कोणी विश्वास ठेवणार नाही, सरांच्या विरुद्ध तर नाहीच. किंवा त्याला मला एक संधी द्यायची असेल. निखिल तेव्हा दहा पावलांवर, गाडीत एसी लावून बसला होता. मी ती देठं उचलली आणि भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये टाकून दिली. गुलाबचं डोकं अजून खड्ड्याबाहेर होतं, त्यानं ते पाहिलं.

त्यानं खड्डा भरला. प्रत्येक थर टाकताना निखिलला हाक मारून बोलावलं, दाखवलं, मगच पुढचा टाकला. पाणी ओतलं, चार्जर चालू केला, हिरवा दिवा लागला. मग हात धुतले, हत्यारं गोळा केली आणि गेला. जाताना प्रत्येक वेळी म्हणायचा तसं, येतो सर, म्हणाला नाही.

निखिलनं त्याच दिवशी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विटांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ज्यांनी या माणसाकडून काम करून घेतलंय त्यांनी आपापले खड्डे तपासा. नावासकट. लोकांनी तपासले. सगळ्या घरांत तळापर्यंत कोळसा निघाला, हे मला सकाळी फिरताना एकेकाकडून कळलं. ते मात्र ग्रुपवर कोणी लिहिलं नाही. मी लिहू शकत होतो. मी त्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचार टाकतो.

पावसाळ्यापर्यंत चौकातली पाटी उतरली होती. कोणी म्हणालं तो सुरतेला गेला, एका कारखान्यात लागला. कोणी म्हणालं गावी परतला. मी चौकशी केली नाही. खोटं कशाला, एकदा फोन लावला होता. रिंग वाजली, आणि त्यानं उचलायच्या आत मीच बंद केला. त्याचाही परत आला नाही.

शालिनी मला कधी काही बोलली नाही. तीही त्या दिवशी दारात गप्पच राहिली होती, आणि मला वाटतं त्याचा राग तिला माझ्यापेक्षा स्वतःवर जास्त आहे. आमच्यात या विषयावर एकही शब्द झालेला नाही. निखिल येतो, गाडी लावतो, हिरवा दिवा लागतो. नात दिव्याला टाटा करते. निखिल अजूनही पुण्यात मित्रांना सांगतो की आमच्याकडे एका वायरमननं कसा कोळसा खाल्ला. मी समोर बसून ऐकतो. एकदा तर एक तपशील तो चुकला, तेव्हा मी तो दुरुस्त करून दिला. म्हटलं, वीतभर नाही, दीड वीत होतं वरचं काळं.

हे सगळं जुनं झालं, असं तुम्हाला वाटलं असेल. म्हातारपणी मन हलकं करतोय म्हणाल. म्हणून गेल्या महिन्यातलं सांगतो आणि थांबतो.

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर आता घर उभं राहतंय. मालक धुळ्याचे, भले गृहस्थ. त्यांनाही पुढेमागे विजेची गाडी घ्यायची आहे, आत्ताच तयारी करून ठेवायची आहे. मला विचारायला आले. तुमचं काम कोणी केलं होतं, सर? मी नाव सांगितलं. ते म्हणाले, हो, कोणीतरी त्याचा नंबर दिलाय मला, म्हणे तो परत आलाय, पुन्हा कामं शोधतोय. माणूस कसा आहे?

भर सकाळची वेळ होती. ओट्यावर आम्ही दोघंच. निखिल पुण्याला, शेजारी कोणी नाही, हसायला कोणी नाही. माझं काहीएक बिघडणार नव्हतं. आणि माझ्या एका शब्दावर त्याला काम मिळणार होतं, याच गल्लीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मी म्हणालो, "कामाला चांगला आहे, पण..."

पुढे मी काही बोललो नाही. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, चहा संपवला आणि दुसऱ्या कोणाचा तरी नंबर मागितला. तो मी दिला.